गुहागर-विजापूर रस्ता

गुहागर-विजापूर रस्ता अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरून निघून सह्याद्री ओलांडतो आणि आदिलशाहीच्या जुन्या राजधानीपर्यंत जातो. लांबी तीनशे किलोमीटरहून अधिक. आज त्याला राष्ट्रीय महामार्ग १६६ ई असा क्रमांक मिळाला असला, तरी अनेक वर्षे तो राज्यमार्गच होता आणि लोकांच्या तोंडी अजून 'गुहागर-विजापूर' हेच नाव आहे.

हा मार्ग डांबराच्या कितीतरी आधीचा. वाशिष्ठीच्या मुखाशी असलेले दाभोळ हे बहमनी आणि नंतर आदिलशाही राजवटीचे मोठे बंदर. होर्मुझ, मक्केपर्यंत त्याचा व्यापार चाले. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने ते जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. माल खाडीने चिपळूणपर्यंत येई आणि तिथून बैलांच्या तांड्यांवर लादून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे चढवला जाई. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि राजधानीच गेली. घाटाची वाट मात्र कोकण आणि देश यांच्या देवघेवीसाठी वापरात राहिली.

गुहागरहून शृंगारतळी, मार्गताम्हाणे करत रस्ता चिपळूणला पोहोचतो. तिथे बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्ग लागतो. पुढे घाटाच्या पायथ्याशी पोफळी येते आणि इथून कोयना प्रकल्पाचा प्रदेश सुरू होतो. कोयना ही पूर्ववाहिनी नदी. पण हेळवाकजवळ तिला अडवून साठवलेले पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरवले जाते, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात वीज करते आणि वाशिष्ठीत सोडले जाते. म्हणजे रस्ता ज्या कड्यावर नागमोडी चढतो, तोच कडा पाणी डोंगराच्या पोटातून उतरते. १९५० च्या दशकात काम सुरू झालेल्या या प्रकल्पाची वीजक्षमता आज १,९०० मेगावॉटच्या वर आहे.

कोयनानगरला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. धरणाला तडे गेले. नंतर ते मजबूत करण्यात आले. साठलेल्या पाण्यामुळे भूकंप होतो का, या प्रश्नावर जगभर अभ्यास करणाऱ्यांना कोयनेचे उदाहरण टाळता येत नाही.

घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाटणपासून तो झपाट्याने कमी होत जातो. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे आणि तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी. पुणे-बंगळूर महामार्ग ओलांडून रस्ता पूर्वेकडे सरकला की ऊस मागे पडू लागतो. कऱ्हाडजवळचे टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव; आता ते नाव उपसा सिंचन योजनेमुळे अधिक ऐकू येते. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी या तालुक्यांकडे नेण्याची ही योजना. वाटेवरचे कडेगाव मोहरमच्या उंच ताबुतांसाठी प्रसिद्ध आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही ते उचलतात. विट्याच्या परिसरातून तर दुष्काळाने बाहेर पडलेली कुटुंबे देशभर सोने-चांदीच्या गलाईच्या धंद्यात स्थिरावली. शेतीने जे दिले नाही, ते त्यांनी दूरच्या सराफ बाजारांत मिळवले.

भिवघाट, नागज मागे टाकून रस्ता जतला येतो. जत हे डफळ्यांचे संस्थान, आणि या घराण्याचा उदयही आदिलशाही चाकरीतलाच. तालुक्यात पाऊस घाटमाथ्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी तालुक्याच्या पूर्व टोकाला फार वर्षे पोहोचले नाही. त्या काळात सीमेवरच्या काही गावांनी, पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जाऊ, अशी भाषा केली. २०२२ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याच आधारावर जतच्या गावांवर दावा सांगितला आणि सीमावाद पुन्हा पेटला. ही गावे महाराष्ट्रातच राहिली. मुचंडीवरून पुढे राज्याची हद्द संपते आणि उरलेला रस्ता कर्नाटकातून विजापूरला, म्हणजे आताच्या विजयपुराला जातो.