अंगठीतले पोवळे आणि समुद्रातले डोंगर

अंगठीतले पोवळे 'खडा' म्हणून विकले जाते. ते घातल्याने मंगळ शांत होतो की नाही हा वाद बाजूला ठेवू, पण पोवळे दगड नव्हे. इवल्याशा सागरी प्राण्यांच्या वसाहतीचा तो सांगाडा असतो. गेल्या शतकात बाजारात आलेली कितीतरी गुलाबी पोवळी पॅसिफिक महासागरातल्या बुडालेल्या डोंगरांवरून ओरबाडून आणलेली होती.

हवाई बेटांपासून वायव्येकडे विझलेल्या ज्वालामुखींची सुमारे ६,००० किलोमीटर लांब रांग गेली आहे. त्यातली कित्येक शिखरे एकेकाळी बेटे होती. पुढे ती खचत पाण्याखाली गेली. (आपल्या अरबी समुद्राच्या तळाशीही असे डोंगर आहेत. त्यांपैकी एकाला सी. व्ही. रामन यांचे, तर एकाला गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक डॉ. पणिक्कर यांचे नाव दिले आहे.) भोवती मैलोन्‌मैल चिखल आणि मध्ये उघडा खडक. प्रवाह खडकावर आदळतो, अन्न घेऊन येतो. म्हणून तिथे पोवळी, स्पंज, खेकडे दाटीने राहतात.

पण पोवळे तर जागचे हलत नाही. मग ते एका डोंगरावरून दुसऱ्यावर पोहोचते कसे?

ते प्रवास करते बालपणी. अंड्यातून निघालेले पिल्लू टाचणीच्या टोकाएवढे असते. त्याला धड पोहता येत नाही. प्रवाह नेईल तिकडे ते जाते. टेकायला कठीण खडक मिळाला तर जगते, चिखलात पडले तर संपते. कधी डोंगराभोवती फिरणारे पाणीच पिल्लांना घरापाशी अडवून धरते. मधले डोंगर म्हणजे नदी ओलांडताना लागणारे दगडच. एक उजाड झाला की पुढची उडी लांबते.

नेमके तेच झाले. १९६५ मध्ये जपानी कोळ्यांना इथे पोवळ्यांचा साठा सापडला. जड वजने बांधलेली जाळी तळावरून फरफटवली गेली. १९६७ पासून आर्मरहेड माशासाठी सोव्हिएत जहाजे आली. या माशाची पिल्ले दोनेक वर्षे भर समुद्रात वाढून मग डोंगरावर परततात. दहा वर्षांत मासा जवळजवळ संपला. जाळ्यांबरोबर पोवळ्यांची झाडेही मोडली. वर्षभरात ज्याची जाडी अर्धा मिलिमीटरही वाढत नाही, ते पुन्हा कधी उभे राहणार?

१९७७ मध्ये अमेरिकेने हवाईभोवतीच्या २०० मैलांतील मासेमारी आपल्या ताब्यात घेतली आणि तिथल्या डोंगरांवर जाळी ओढणे पुढे थांबले. असे तळ पुन्हा भरत नाहीत, असेच बहुतेक शास्त्रज्ञ धरून चालले होते. २०१९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी खोल पाण्यातली छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत जाळ्यांचे ओरखडे अजून ताजे वाटावेत असे होते, कित्येक खडक बोडके होते. पण चाळीसेक वर्षे कोणी हात न लावलेल्या उतारांवर मोडक्या खुंटांना नवे कोंब फुटलेले होते, आणि शेजारी काही कोवळी पोवळी रुजली होती.