शेळीचा कान कसा फाटला?

उस्मानाबादी शेळी पाहिली आहे ना? २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळी अजून जुन्याच नावाने ओळखली जाते. बहुतेक वेळा काळीभोर, उंच पायांची, लोंबत्या कानांची. समजा, धाराशिवच्या एका शाळेने कबड्डी संघाच्या लोगोसाठी तिलाच निवडलं. मोबाईलवर लोगो झकास दिसला. मग दहा फुटी फ्लेक्स करायला दिलं, तर दुकानातले दादा म्हणाले, "हे फाटणार. ओपन फाईल नाही का? कोरलची?"

कापड शाबूत असताना चित्र कसं फाटेल?

ते चित्र मोबाईलवर बोटांनी मोठं करत जा. थोड्या वेळाने दिसतील नुसते रंगीत चौकोन. हेच पिक्सेल. आपली शेळी २०० चौकोन रुंद आहे असं धरू. दहा फुटांवर ताणली की एकेक चौकोन होतो दीड सेंटिमीटरचा! कानाचा गोल काठ पायऱ्यापायऱ्यांचा होतो. संगणक तरी काय करणार? त्याच्याकडे शेळी नाहीच, फक्त चौकोनांचे रंग आहेत.

त्यात फाईल जेपीजी असेल तर आणखी गंमत. जेपीजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करतं आणि डोळ्यांना सहसा न कळणारे बारकावे टाकून देतं. यामागचं गणित १९७४ साली मांडणाऱ्यांमध्ये नासिर अहमद होते, जन्माने बंगळुरूचे! पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधबे कोसळतात, त्यांच्या फोटोला जेपीजी उत्तम. त्या फेसातले चार थेंब गायब झाले तर कुणाला कळणार? पण काळी शेळी पांढऱ्यावर ठेवली की तिच्या काठाशी मळकट ठिपके उमटतात. शिवाय जेपीजीला पारदर्शक जागा ठाऊकच नाही. निळ्या टी-शर्टवर शेळी येईल ती पांढरा चौकोन पाठीशी घेऊनच! पीएनजीला पारदर्शकपणा जमतो आणि ते काही फेकूनही देत नाही. पण असतात चौकोनच, त्यामुळे ताणलं की तेही फाटतं.

मग दादांना हवी ती ओपन फाईल वेगळी कशी? तिच्यात शेळी चौकोनांनी भरलेली नसते, शेळी काढायची कृती लिहिलेली असते. कानाची वळणदार रेघ घ्या. तिला चार बिंदू पुरतात. रेघ पहिल्या बिंदूपासून निघते, चौथ्यावर थांबते आणि मधले दोन बिंदू तिला आपापल्या बाजूला ओढून वाक देतात. ही युक्ती निघाली कुठे, तर फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांत! सित्रोएनमध्ये द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये बेझिए मोटारीच्या पत्र्याचे बाक गणितात बसवत होते. आता फ्लेक्स दहा फुटी असो की शंभर फुटी, बिंदू तेवढे लांब लांब जातात आणि रेघ नव्याने आखली जाते. चौकोन ताणायचा प्रश्नच नाही. अशा चित्राला व्हेक्टर म्हणतात. कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची सीडीआर आणि वेबसाईटवर चालणारी एसव्हीजी या अशाच फाईली.

काही हुशार मंडळी जेपीजीचं नाव बदलून एसव्हीजी करतात किंवा ती पीडीएफमध्ये घालतात. उपयोग शून्य! आत चौकोनच राहतात. आणि व्हॉट्सअॅपवर लोगो फोटो म्हणून पाठवू नका, तिथे तो आणखी आवळला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एसव्हीजी मिळाली तर तिची एक प्रत करून नोटपॅडमध्ये उघडा. चित्र दिसणारच नाही, दिसतील अक्षरं आणि आकडे. त्यात रंगाच्या जागी इंग्रजीत 'ब्लॅक' सापडलं तर ते खोडून 'ग्रीन' लिहा, फाईल सेव्ह करा आणि ब्राउझरमध्ये उघडून बघा. शेळी हिरवीगार!