तीनशें रुपये कोठें राहिले?

छत्रपति संभाजीनगरांतील उस्मानपुऱ्यांत सायंकाळच्या वेळीं औषधांच्या एखाद्या दुकानापुढें थोडें थांबलें, तर एक लहानसा प्रसंग केव्हां ना केव्हां दृष्टीस पडतो. ग्राहक गल्ल्यावरील क्यूआर ठशापुढें मोबाइल धरतो, तीनशें रुपयांचा आंकडा घालतो, आपला गुप्त पिन टिपतो, आणि त्याच्या बँकेकडून पैसे वजा झाल्याचा संदेश तत्काळ येतो. परंतु दुकानदाराच्या फळीवरचा साउंडबॉक्स मुका राहतो. औषधाची पुडी बांधून तयार आहे, घरीं आजारी माणूस वाट पाहत आहे, आणि दुकानदार सौजन्यानें, पण ठामपणें म्हणतो, "काका, माझ्याकडे अजून आले नाहींत." दोघांपैकीं कोणीही खोटें बोलत नाहीं. एकाच्या खात्यांतून पैसे गेले आहेत, दुसऱ्याच्या खात्यांत ते जमा झालेले नाहींत. मग ह्या क्षणीं ते तीनशें रुपये आहेत तरी कोठें?

ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं एक समजूत दूर केली पाहिजे. मोबाइलच्या कांचेवर जें दिसतें तें एकच यंत्र आहे, असें पाहणाऱ्यास वाटतें. वस्तुतः त्या पडद्यामागें निदान चार-पांच स्वतंत्र संस्था आपापल्या वह्या उघडून बसलेल्या असतात. ग्राहकाची बँक निराळी, दुकानदाराची निराळी, मोबाइलमधील ॲप चालविणारी कंपनी तिसरीच, तिला ह्या व्यवहारांत आणणारी बँक चौथी, आणि ह्या सर्वांमध्यें निरोप्याचें काम करणारी मुंबईची नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही पांचवी. एकीच्या वहींत दुसरीला हात घालतां येत नाहीं. असें असूनही सर्वांचें मिळून एक काम होतें. अशा प्रकारें तयार सेवांच्या जोडणींतून उभ्या केलेल्या कामास संयुक्त कार्यप्रणाली म्हणतात, आणि ज्या शिस्तीनें ही जोडणी करावयाची तिला सेवाधिष्ठित रचना असें नांव आहे.

नांव अवजड आहे, गोष्ट मात्र लग्नघरांतील आहे. कार्याचा यजमान स्वतः बुंदी पाडीत नाहीं, सनई वाजवीत नाहीं, कीं मांडवाचे खांब रोवीत नाहीं. आचाऱ्याला तो पानें किती आणि पंगत किती वाजतां एवढेंच सांगतो. चूल कोणत्या लांकडांनीं पेटवावी ह्याची पंचाईत करीत नाहीं. ऐनवेळीं आचारी बदलला, तरी सनईवाल्याला त्याचा पत्ताही लागण्याचें कारण नसतें. संगणकांच्या जगांतही हाच नियम. प्रत्येक संस्थेनें आपलें काम आपल्या घरांत वाटेल त्या रीतीनें करावें. बाहेरच्यांसाठीं मात्र एक करार जाहीर करावा. मागणी कोणत्या शब्दांत यावी, उत्तर कोणत्या शब्दांत आणि किती वेळांत जावें, आणि काम जमलें नाहीं तर नकार कसा कळवावा, एवढें त्यांत लिहिलेलें असावें. ह्यांतील शेवटची बाब दुय्यम समजून पुष्कळदां शेवटीं लिहिली जाते. खरें पाहतां तिच्याचसाठीं करार लिहावयाचा असतो.

पूर्वीं असें नव्हतें. एका कार्यालयाचा संगणक दुसऱ्या कार्यालयाशीं जोडावयाचा झाला, म्हणजे त्या दोघांपुरती खास तार ओढावी तशी जोडणी केली जाई. दोन कार्यालयें असतील तर एक जोडणी, दहा असतील तर पंचेचाळीस. पांचशें बँकांनीं परस्परांशीं अशी जोडणी करावयाची ठरविली, तर जोडण्यांची संख्या १,२४,७५० होते. पैकीं एका बँकेनें आपली पद्धत बदलली कीं चारशें नव्याण्णव ठिकाणीं दुरुस्ती! इ. स. २००० च्या सुमारास मोठ्या कारखान्यांत आणि बँकांत ही शृंखला असह्य झाली, आणि समान कराराची कल्पना जोर धरूं लागली. आज वाळूजच्या औद्योगिक वसाहतींतून पन्नास हजारांहून अधिक किंमतीचा माल परराज्यांत निघाला, तर त्याला ई-वे बिल लागतें. परराज्यांच्या मालासाठीं हा नियम १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. मोठ्या कारखान्याचा हिशेबाचा संगणक गोदामाकडून मालाची नोंद घेतो, बीजक करतो, आणि सरकारी सेवेकडे तें बिल स्वतःच मागतो. तीन घरचीं तीन कामें, पण कारकुनाला दिसतो तो एकच पडदा.

महाराष्ट्राला ही कल्पना सर्वस्वी परकी आहे, असें मात्र नाहीं. हुंडीच्या व्यवहारांत एका गांवचा सावकार दुसऱ्या गांवच्या पेढीवर चिठ्ठी लिही, आणि ती पेढी त्याची वही न पाहतां रक्कम देई. दर्शनी हुंडी दाखवितांक्षणीं पटवावयाची, मुदतीची हुंडी मुदत भरल्यावर, हा करार सर्वांना ठाऊक होता. विशेष म्हणजे हुंडी वाटेंत गहाळ झाली तर काय करावें, ह्याचाही विचार जुन्या सावकारांनीं करून ठेविला होता. पहिली हरवली कीं 'पेठ' म्हणून दुसरी प्रत लिहीत, तीही हरवली तर 'परपेठ'. तीन कागद फिरत असले तरी रक्कम एकदांच द्यावयाची, हें त्यांतलें मर्म. आजच्या व्यवहारांतही प्रत्येक देण्याला एक स्वतंत्र क्रमांक असतो. उत्तर आलें नाहीं म्हणून निरोप्यानें तोच संदेश पुन्हां पाठविला, तर क्रमांक पाहून बँक ओळखते कीं ही त्याच हुंडीची पेठ आहे, नवी हुंडी नव्हे.

आतां त्या तीनशें रुपयांचा प्रवास पाहावा. ज्या यूपीआय पद्धतीनें ते निघाले तिचा आरंभ ११ एप्रिल २०१६ रोजीं मुंबईंत झाला. परंतु ती मोकळ्या माळावर बांधलेली इमारत नव्हे. मोबाइलवरून बँकेंतून बँकेंत तत्काळ पैसे पाठविण्याची आयएमपीएस ही सेवा २०१० च्या नोव्हेंबरांतच सुरू झाली होती, आणि बँकांचीं खातीं तर त्याहून कितीतरी जुनीं. असलेल्या सेवांवर करार आणि क्रम यांची नवी मांडणी करण्यांत आली. ग्राहकानें ठसा टिपला कीं त्यांतील पत्ता मध्यवर्ती निरोप्याकडे जातो. निरोप्या दुकानदाराच्या बाजूस विचारतो, हा पत्ता कोणत्या खात्याचा? उत्तर आलें कीं तो ग्राहकाच्या बँकेला सांगतो, तीनशें वजा करा. पिन मोबाइलमध्येंच कुलूपबंद होऊन बँकेपर्यंत जातो. मधल्या ॲपला तो वाचतां येत नाहीं. बँक 'वजा केले' असें कळविते. मग निरोप्या दुकानदाराच्या बँकेला सांगतो, तीनशें जमा करा. तिचें 'जमा केले' आलें कीं दोन्ही बाजूंना वर्दी जाते, आणि साउंडबॉक्स बोलतो. हें सर्व कांहीं सेकंदांत होतें.

उस्मानपुऱ्याच्या दुकानांत घोटाळा झाला तो 'वजा केले' आणि 'जमा केले' ह्या दोन शब्दांच्या मध्यें. दुकानदाराच्या बँकेनें नकार दिला असता, तर गोष्ट सोपी होती. पैसे उलट फिरले असते. पण तिचें कांहींच उत्तर आलें नाहीं. मौनाचा अर्थ दोन प्रकारें लागतो. निरोप पोंचलाच नसेल, किंवा पैसे जमा होऊन त्याची पोंच वाटेंत हरवली असेल. पहिलें समजून पैसे परत करावे, आणि खरें असावें दुसरें, तर दुकानदाराला मिळालेले तीनशें ग्राहकालाही परत मिळतात. म्हणून अशा वेळीं निरोप्या घाई करीत नाहीं. दुकानदाराच्या बँकेची वही जुळवून पाहीपर्यंत प्रकरण उघडें राहतें. तोंवर ते तीनशें रुपये कोणाच्या खिशांत नसतात आणि हरवलेलेही नसतात. ग्राहकाच्या बँकेच्या वहींत ती एक देण्याची नोंद असते, आणि तिची जोडीदार नोंद दुसऱ्या वहींत शोधली जात असते. बँकाबँकांमधील खरा चुकता हिशेब दिवसांतून अनेक वेळां, ठोक रकमेनें, रिझर्व्ह बँकेंतील त्यांच्या खात्यांवरच होतो.

उत्तर न आल्यास काय करावें, हें काउंटरपाशीं उभें राहून ठरवितां येत नाहीं. तें आधीं कागदावर काढावें लागतें. कामाचा क्रम चित्रांत मांडण्याची कला संगणकाहून जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ ह्या अमेरिकन दांपत्यानें १९२१ सालीं यंत्रशास्त्रज्ञांच्या सभेपुढें कारखान्यांतील कामाचे असे तक्ते ठेविले होते. आजची जगन्मान्य चिन्हलिपि बीपीएमएन ह्या नांवानें २००४ सालीं प्रसिद्ध झाली आणि २०१३ सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक ठरली. तिच्या कागदावर प्रत्येक संस्थेसाठीं एक आडवा पट्टा आंखतात. बारीक वर्तुळ म्हणजे आरंभ, जाड वर्तुळ म्हणजे शेवट, गोलसर कोपऱ्यांची चौकट म्हणजे काम, आणि चौरंगी हिऱ्यासारखी आकृति म्हणजे निर्णयाचा फांटा. ह्यांखेरीज एक लहानसें घड्याळ असतें. 'जमा करा' ह्या चौकटीला तें चिकटविलें कीं चित्र सांगूं लागतें: अमुक सेकंद वाट पाहा, नंतर ह्या बाणानें जा.

अननुभवी मनुष्यानें काढलेलें चित्र ओळखावयाची खूण सोपी आहे. त्यांत सर्व बाण उजवीकडे जातात आणि सर्व कामें यशस्वी होतात. जाणता मनुष्य अर्धा कागद उलट येणाऱ्या बाणांना देतो. कारण निरनिराळ्या संस्थांच्या वह्या एकाच क्षणीं कुलूप लावून ठेवतां येत नाहींत; झालेलें काम पुसतां येत नाहीं, त्याच्या उलट दुसरें काम करून भरपाई करावी लागते. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम ह्या दोघांनीं १९८७ सालीं हा विचार नीट मांडला. 'वजा तीनशें' ही ओळ बँक खोडीत नाहीं. तिच्याखालीं 'परत तीनशें' अशी दुसरी ओळ लिहिते. पासबुक पाहणाऱ्यास दोन्ही दिसतात.

मात्र उलटा बाण काढला तरी तो किती दिवसांत पुरा व्हावा, हें यंत्र ठरवूं शकत नाहीं. तें काम रिझर्व्ह बँकेनें केलें. तिच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणें यूपीआयनें दुकानदाराला दिलेले पैसे वजा झाले पण दुकानदारापर्यंत खात्रीची वर्दी पोंचली नाहीं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पांच दिवसांच्या आंत ते आपोआप परत झाले पाहिजेत. एका व्यक्तीनें दुसऱ्या व्यक्तीला पाठविलेले असतील तर एका दिवसांत. त्यापुढें विलंब झाल्यास रोजचे शंभर रुपये, तेही ग्राहकानें तक्रार करण्याची वाट न पाहतां. तीनशें रुपयांवर रोज शंभर! चित्रांतील घड्याळाला दांत फुटले ते येथें.

करारांतील शब्दांविषयीं एक गोष्ट ह्याच शहरानें शिकविली आहे. २०२३ सालीं औरंगाबादचें नांव छत्रपति संभाजीनगर झालें, पण मोटारींवरील एमएच-२० आणि दूरध्वनीचा ०२४० हीं होतीं तशीच राहिलीं. ज्यांच्या संगणकांत जिल्हा क्रमांकानें नोंदला होता त्यांना एक ओळ बदलून भागलें. ज्यांनीं नांवालाच खूण मानलें होतें त्यांना जुन्या आणि नव्या नोंदी जुळवीत बसावें लागतें. २०२५ च्या ऑक्टोबरांत रेल्वेस्थानकाचें नांव बदललें तेव्हां मात्र खूणही बदलली. एडब्ल्यूबी जाऊन सीपीएसएन आलें.

माणसांच्या नांवांची अडचण त्याहून बिकट. उस्मानपुऱ्यांतच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथला एखादा विद्यार्थी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज करतो, तेव्हां पुन्हां एक संयुक्त काम सुरू होतें. उत्पन्नाचा दाखला तहसिलीचा, प्रवेशाची खातरजमा महाविद्यालयाची, मंजुरी विभागाची, आणि पैसे आधारशीं जोडलेल्या बँक खात्यांत. दहावीच्या गुणपत्रिकेंत आडनांव आधीं येतें, आधारपत्रावर बहुधा शेवटीं. मनुष्य एकच आहे हें त्याच्या आईला सांगावें लागत नाहीं. यंत्राला मात्र हे तीन शब्द तीन जागीं तपासण्याचा नियम करारांत लिहून द्यावा लागतो. तो नसला कीं अर्ज निर्णयाच्या फांट्यावर अडतो.

ह्या कामाचा कागद आंखला तर दुकानांतील कामाहून एक फरक ठळक दिसतो. येथें चौकटींत माणसें बसलेलीं आहेत, आणि त्यांचीं घड्याळें सेकंदांचीं नसून आठवड्यांचीं आहेत. तहसिलीच्या पट्ट्यांत घड्याळ लावलें तें महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें. अधिसूचित सेवेला ठरीव मुदत, मुदत चुकल्यास पहिलें अपील, दुसरें अपील, मग आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पांचशें ते पांच हजारांपर्यंत दंड. पुढच्या पट्ट्यांकडे पाहतांना हीच परीक्षा लावावी. नांव जुळलें नाहीं तर बाण कोणाकडे परत येतो, कोणत्या कारणासह, आणि किती दिवसांत? ती तारीख जर फी भरण्याच्या तारखेनंतरची पडत असेल, तर दोष विद्यार्थ्याच्या अर्जांत नाहीं. तो बाण कागदावर कोणी काढलाच नव्हता.