तार न पोहोचलेल्या घरातील इंटरनेट



ज्या गावापर्यंत तार पोहोचलेली नाही, तेथील घरात इंटरनेट कोणत्या मार्गाने आणावे, हा प्रश्न आता केवळ सोयीचा राहिलेला नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा तो शिक्षणाचाच प्रश्न होऊन बसला. आपल्यापैकी अनेकांना गावाकडे अशी जोडणी करून देण्याची इच्छा असते. त्यांच्यासाठी खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीचा घाटमाथा डोळ्यांसमोर ठेवून मी हा विचार मांडीत आहे.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु पंचायतीच्या कचेरीपासून रानातील वाडी काही मैल दूर असली, तर शेवटचे अंतर उरतेच. ते ओलांडण्याचे मार्ग मुख्यतः चार आहेत. जाहिरातीत वेगाचा एकच आकडा असतो. आपण मात्र तीन प्रश्न विचारावेत: लहरींच्या वाटेत आडवे काय येते, संदेशाला किती लांब जावे लागते आणि वाटेकरी किती आहेत?

पहिला मार्ग मोबाइलच्या टॉवरचा. हा बहुधा सर्वांत स्वस्त असतो. घरात फोनला क्षीण संकेत मिळतो म्हणून निराश होऊ नये, कारण भिंती आणि पत्रा लहरींना अडवितात. छपरावर उंच काठीला टॉवरच्या दिशेने अँटेना बसविला, तर तोच संकेत पुष्कळदा कामाचा ठरतो. उणीव एवढीच की, टॉवरची क्षमता सर्वांत वाटली जाते, म्हणून सायंकाळी वेग उतरतो.

दुसरा मार्ग बिंदू ते बिंदू रेडिओ जोडणीचा. जेथे तार आहे तेथून डोंगरावरील वाडीपर्यंत समोरासमोर दोन अँटेना बसवितात. मधे झाड वा टेकडी नसेल, तर दहा-बारा किलोमीटरही सहज गाठता येतात. हिमाचलातील धर्मशाळा येथे २००५ च्या सुमारास अशाच बिनतारी जाळ्याचे काम उभे राहिले. २०१८ साली भारतात ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त झाल्याने हे काम सुकर झाले. एका घराला हा खर्च जड वाटेल, परंतु पंधरा घरे आणि एक शाळा मिळून तो पेलू शकतात.

तिसरा मार्ग भूस्थिर उपग्रहाचा. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रकाशाच्या वेगानेही प्रश्न वर जाऊन खाली येण्यास आणि उत्तर त्याच वाटेने परतण्यास मिळून जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. पाठ उतरवून घेण्यास त्याने बाधा येत नाही, परंतु शिक्षक आणि विद्यार्थी यांचा संवाद अडखळतो.

चौथा मार्ग खालच्या कक्षेतील उपग्रहांचा. स्टारलिंकचे उपग्रह काहीशे किलोमीटरवरूनच फिरतात, त्यामुळे विलंब फार थोडा. पण प्रत्येक उपग्रह काही मिनिटांतच माथ्यावरून निघून जातो. म्हणून हजारो उपग्रह लागतात आणि अँटेनाला आकाशाचा विस्तृत भाग मोकळा लागतो. दाट झाडीत जोडणी वारंवार तुटते. शिवाय मोबाइलच्या राउटरपेक्षा या यंत्राला वीज कितीतरी पट अधिक लागते. जून २०२५ मध्ये या कंपनीला भारतात परवाना मिळाला. तथापि परवाना म्हणजे घरपोच सेवा नव्हे. आपल्या गावी जोडणी मिळते का आणि मासिक दर काय, हे आधी विचारून घ्यावे.

पावसाचा विचार निराळा करावा लागतो. उपग्रहांच्या उच्च कंप्रतेच्या लहरी मुसळधार सरींत क्षीण होतात, तर मोबाइलच्या लहरींवर पावसाचा परिणाम अल्प होतो. घाटमाथ्यावर मात्र पावसाबरोबर वीजही जाते. म्हणून कोणत्याही मार्गात बॅटरीची तरतूद हवीच.

यावरून माझे मत असे की, आधी छपरावरचा अँटेना आजमावावा. तो न साधल्यास वाडीने मिळून रेडिओ जोडणी घ्यावी. आणि जेथे टॉवर दिसत नाही, दुसरी टेकडीही दिसत नाही, तेथे उपग्रहाकडे वळावे. यंत्र विकत घेण्यापूर्वी दोन-तीन कंपन्यांची सिमकार्डे घेऊन त्या घराच्या छपरावर जावे आणि सकाळी, सायंकाळी व भर पावसाळ्यात संकेत मोजावा. एवढे केले, तर आपण दिलेली यंत्रे कपाटात पडून न राहता मुलांच्या कामी येतील.