रुग्णालयाच्या इमारतीचे उत्सर्जन : मापदंड कसा ठरवावा?

रुग्णालयाचे वीजबिल दरमहा येते. परंतु त्या विजेपायी किती हरितगृह वायू वातावरणात मिसळले, याचे बिल कोणी पाठवीत नाही. तो हिशेब आपला आपणच मांडावा लागतो. भारताने 2021 साली ग्लासगो येथील हवामान परिषदेत 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्याची वाट अखेर एकेका इमारतीतून जाते. म्हणून या हिशेबाची रीत आमचे देणगीदार आणि रुग्णांचे आप्त यांच्यापुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

उत्सर्जनाचे दोन ठळक भाग पडतात. जनरेटरचे डिझेल, स्वयंपाकघरातील गॅस, वातानुकूलन यंत्रांतून गळणारे वायू आणि भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड यांचे उत्सर्जन आवारातच होते. विजेचे उत्सर्जन दूरच्या वीजकेंद्रात होते; तरी वापर आपला असल्याने ते आपल्याच खाती धरतात. एका लिटर डिझेलमागे सुमारे 2.7 किलो आणि वीजजाळ्यातील एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. नायट्रस ऑक्साइडची तापमानवाढीची क्षमता तर त्याच्या सुमारे 270 पट असते. त्यामुळे त्याच्या नळीतील गळती ही किरकोळ बाब ठरत नाही.

एकूण बेरजेवरून मात्र बरेवाईट ठरत नाही. तिला कशाने भागावयाचे, हा खरा प्रश्न आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 2009 साली कार्यालयीन इमारतींसाठी सुरू केलेल्या तारांकन योजनेत विजेचा वापर दर चौरस मीटरमागे मोजला जातो. रुग्णालयाला तेवढे पुरत नाही. समजा, 10,000 चौरस मीटरच्या रुग्णालयात वर्षाला 10 लाख युनिट वीज लागली आणि दाखल रुग्णांचे 30,000 रुग्णदिवस भरले. विजेचे उत्सर्जन 700 टन, म्हणजे दर चौरस मीटरला 70 किलो आणि दर रुग्णदिवसाला सुमारे 23 किलो झाले. पुढील वर्षी रुग्णदिवस 36,000 आणि वीज 11 लाख युनिट झाली, तर पहिला आकडा 77 वर चढतो. दुसरा सुमारे 21 वर उतरतो.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना 2006 च्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. केवळ क्षेत्रफळाचा मापदंड लावला, तर रिकाम्या खाटांचे रुग्णालय उत्तम ठरेल आणि गरिबांना दाखल करणारे दोषी! म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत, असे आमचे मत आहे. सोबत युनिटांची संख्याही द्यावी. कारण वीजजाळ्यात सौर व पवन ऊर्जा वाढली की आपण काही न करताही उत्सर्जन घटलेले दिसते.

तुलनेसाठी एक पायाभूत वर्ष निश्चित करावे. शस्त्रक्रियागृहातील हवा तासाला किमान 20 वेळा बदलावी लागते. तेथे काटकसर नाही. ती गच्चीवरील उन्हात, जुन्या पंपांत आणि रिकाम्या खोल्यांतील दिव्यांत शोधावी. तेथे वाचलेला रुपया औषधाला लागतो.