काळ्या रानातला कर्ब

लातूर-औशाकडचं असो की नांदेडचं गोदाकाठचं, काळंभोर रान पाहिलं की वाटतं, इथं कर्बाला काय तोटा! पण माती परीक्षणाचा कागद हाती येतो आणि सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्या आसपासचाच आकडा दिसतो. रंगावर जाऊ नये. हा काळेपणा बेसाल्टमधून आलेल्या खनिजांचा आणि चिकणमातीला घट्ट धरून राहिलेल्या थोड्याशा ह्यूमसचा. चुनखडीतही कर्ब असतो, पण त्यावर जिवाणूंचं पोट भरत नाही.

हिशेब मांडून पाहू. एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण ९ लाख किलो. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा, तर ९०० किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. ५ टन शेणखतात, पाणी-माती वजा जाता, तो साधारण सहा-सातशे किलो भरतो. त्यातलाही बराचसा जिवाणू खातात आणि कार्बन डायऑक्साइड करून हवेत सोडतात. मे महिन्यात तापलेल्या, नांगरून ठेवलेल्या रानावर मृगाचा पाऊस पडला की त्यांची झुंबडच उडते. आपण मातीचा वास छातीत भरून घेतो, त्याच वेळी रानातला कर्ब उडत असतो.

मग दोष रासायनिक खतांचा? सरसकट तसं म्हणणं मला पटत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८पासून ज्वारी-गव्हावर, परभणीच्या विद्यापीठात २००६पासून सोयाबीन-करडईवर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत. अशा प्रयोगांत बिनखताच्या तुकड्यापेक्षा नत्र, स्फुरद, पालाश तोलून दिलेल्या तुकड्यात कर्ब जास्त भरतो. शेणखताची जोड असेल तिथं सर्वांत जास्त. पीक जोमदार आलं की मुळं आणि पालाही अधिक, आणि तोच मातीचा घास. नुसत्या युरियावर मात्र हे साधत नाही.

खरी गळती मळणीनंतर होते. सोयाबीन पिकताना पाला रानातच गाळतं, पण भुसकट बांधावर जातं आणि अनेक ठिकाणी पेटवलं जातं. ट्रॅक्टर आला, बैल गेले, त्यांच्यामागे उकिरडाही गेला. तुराट्या, पऱ्हाटीही जळतात. त्यांत कर्ब भरपूर, नत्र तोकडं. तशाच गाडल्या तर जिवाणू पिकाच्या वाट्याचं नत्र ओढतात. म्हणून कुट्टी करायची, थरांवर शेणकाला आणि थोडा युरिया शिंपडायचा, ओल राखायची आणि ढीग मधूनमधून वरखाली करायचा.