केबल इंटरनेटवर स्थिर आयपी पत्ता कसा मिळवावा?

स्थिर आयपी पत्ता म्हणजे काय?
इंटरनेटवर तुमच्या जोडणीची ओळख आयपी पत्त्यावरून पटते. घरगुती जोडणीत हा पत्ता वेळोवेळी बदलतो. कायम एकच राहणारा पत्ता म्हणजे स्थिर आयपी.

तो कोणाला लागतो?
- दुकानाचे कॅमेरे किंवा कार्यालयातील संगणक बाहेरून थेट पाहायचे असल्यास.
- ई-वे बिल प्रणाली एपीआयद्वारे थेट स्वतःच्या सॉफ्टवेअरशी जोडायची असल्यास. पोर्टलवर लॉगिन करून बिल बनवण्यासाठी तो लागत नाही.

कॅमेरा कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपवर चालत असेल, तर बहुधा स्थिर आयपीची गरज नसते. पैसे भरण्यापूर्वी हे तपासा.

आधी हे पाहा
आयपीव्ही४ प्रकारचे पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत. त्यामुळे अनेक सेवा पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. राउटरच्या सेटिंगमधील ‘वॅन आयपी’ १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर तुमचा पत्ता असाच सामायिक आहे. अशा जोडणीत बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही.

अर्ज कसा करावा?
1. सेवा पुरवठादाराच्या ग्राहक सेवा केंद्राकडे लेखी किंवा ईमेलने मागणी करा.
2. पत्ता ‘सार्वजनिक’ आणि ‘स्थिर’ असे दोन्ही असल्याची लेखी खात्री घ्या. केवळ स्थिर, पण खासगी पत्ता उपयोगाचा नाही.
3. शुल्क मासिक की वार्षिक, जीएसटीसह किती, प्लॅन बदलावा लागेल का, हे विचारा. पावती घ्या.
4. पत्ता मिळाल्यावर राउटर बंद करून पुन्हा सुरू करा आणि तोच पत्ता राहतो का, ते पाहा.

सुरक्षेसाठी
पत्ता बदलत नसल्याने बाहेरच्यांनाही तुमची जोडणी सहज सापडू शकते. राउटर आणि कॅमेऱ्याचे मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला.

पैसे भरूनही सेवा मिळाली नाही तर?
सेवा पुरवठादाराच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मार्गदर्शन मिळते.